बिनपगारी हजेरी

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. रॉकव्हिलमधल्या एका कॉफीच्या दुकानात मी रांगेत उभी होते. काउंटरवर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला: केंद्र सरकारच्या नोकरीचं ओळखपत्र दाखवा, कॉफी आमच्याकडून. माझ्या पुढे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, ऑफिसला निघावं तसे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं आणि पुढे धरलं, पण धरताना अंगठा नेमका स्वतःच्या फोटोवर ठेवला. काउंटरवरच्या मुलीनं ते नीट पाहिलंही नाही, हसून कप सरकवला. त्यांनी एकेक डॉलरच्या दोन नोटा काढून टिपेच्या बरणीत टाकल्या, म्हणजे कॉफीचे बहुतेक पैसे देऊनच टाकले, आणि कोणाकडे न बघता बाहेर पडले. दार उघडलं तसा गार वारा आत आला, मेपलची दोन-तीन लाल पानं उंबरठ्यापर्यंत आली. मी कॉफी घेतली, घरी आले, स्वयंपाकाला लागले. तो अंगठा मात्र डोक्यातून जाईना.

काय लपवत होते ते?

इथे, मेरीलंडच्या या भागात, प्रत्येक गल्लीत केंद्र सरकारची माणसं राहतात. आपल्याकडे नाशिकरोडला नोटांच्या छापखान्याची वसाहत किंवा मनमाडला रेल्वेची, तसं इथलं सगळं सरकारावर उभं आहे. संसदेनं नव्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी दिली नाही म्हणून २०२५च्या १ ऑक्टोबरला ते सरकार बंद पडलं तेव्हा आधी फरक कळला तो आवाजात. सकाळी आठला मेट्रोच्या रेड लाइनला जी रेटारेटी असते ती नव्हती. शेडी ग्रोव्हच्या पार्किंगमध्ये हवी तिथे जागा. दुपारी बाराला, एरवी जेव्हा फक्त पत्रं टाकणारा पोस्टमन दिसतो, तेव्हा लोक कुत्री फिरवत होते, पडलेली पानं गोळा करत होते, गॅरेजची दारं रंगवत होते. बाहेरून पाहणाऱ्याला सुटीच वाटावी. पण सुटीवरची माणसं एकमेकांशी बोलतात. ही माणसं मान डोलावून पुढे जात होती.

आमच्या ओळखीच्या एक ताई एका केंद्रीय कार्यालयात आकडेवारीचं काम करतात. बंदच्या पहिल्या दिवशी त्यांना ऑफिसला बोलावलं होतं. कशासाठी, तर ऑफिस बंद करण्यासाठी. फ्रिजमधलं दूध ओतून द्यायचं, कागद कुलपात ठेवायचे, ‘निधीअभावी मी सध्या उत्तर देऊ शकत नाही’ असा निरोप मेलवर लावायचा, आणि जायचं. ताई टेबलावरचं मनीप्लँट तेवढं घेऊन घरी आल्या. त्यानंतर लॅपटॉप उघडायला बंदी. फुकट काम करायची तयारी असली तरी बंदी. मूळ १८८४च्या सुमाराचा कायदा सांगतो की संसदेनं मंजुरी दिलेली नसताना सरकारनं कोणाची ऐच्छिक सेवाही घ्यायची नाही. जाणूनबुजून मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. त्या काळी त्यामागे शहाणपणच होतं. खाती वर्षाचे पैसे काही महिन्यांत उडवायची, माणसांकडून ‘स्वखुशीनं’ जादा काम करून घ्यायची आणि नंतर बिल घेऊन काँग्रेसपुढे, म्हणजे इथल्या संसदेपुढे, उभी राहायची. त्या लबाडीला वेसण घालणारा हा कायदा. जवळजवळ शंभर वर्षं त्यावरून कोणी कार्यालयांना टाळं लावलं नव्हतं. मंजुरीला उशीर झाला तर खाती काटकसरीनं चालू राहायची, आज ना उद्या पैसे येतील या भरवशावर. १९८० मध्ये अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचं काटेकोर वाचन करून मत दिलं की मंजुरी नसेल तर काम थांबलंच पाहिजे. १९८१च्या जानेवारीत त्यांनीच अपवाद ठेवला तो माणसांच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचा. तिथून हे सगळं सुरू झालं. एका प्रामाणिक वकिली मतातून.

तो अपवाद ताईंच्या शेजारी राहतो. म्हणजे अक्षरशः. टाउनहाउस असल्यामुळे दोन घरांत मधली भिंत एकच आहे, आणि भिंतीपलीकडचा तरुण बाल्टिमोरच्या विमानतळावर प्रवाशांची तपासणी करतो. त्याचं काम जिवाच्या रक्षणाचं, म्हणून त्यानं रोज पहाटे साडेतीनला उठून ड्यूटीवर जायचं, पगार मात्र नाही. भिंतीच्या अलीकडे काम केलं तर गुन्हा, पलीकडे काम थांबवलं तर नोकरीवर गदा. पगार दोघांनाही शून्य. ताई सांगत होत्या की पहाटे त्याच्या गाडीचा आवाज आला की त्यांना जाग येते आणि मग झोप लागत नाही, उगीच अपराधी वाटत राहतं. त्या घरी बसल्यात आणि तो निघालाय म्हणून. तो निघतो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल याचा विचार मी बऱ्याचदा केला. पेट्रोल स्वतःच्या पैशानं भरून, पगार न देणाऱ्याच्या कामाला जाणं.

माझे बाबा साताऱ्याला ट्रेझरीत होते. सरकारी पैसा म्हणजे काय हे मला लहानपणी कळलं ते मार्चएंडमुळे. एकतीस मार्चच्या रात्री बाबा कधी घरी येतील याचा नेम नसायचा. निधी लॅप्स होऊ नये म्हणून खात्याखात्यांचे शिपाई बिलांचे गठ्ठे घेऊन मध्यरात्रीपर्यंत रांगेत, आतमध्ये शाईचा, घामाचा आणि बटाटेवड्यांचा एकत्र वास. आई ताट झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी, एक एप्रिलला, बाबा नेहमीसारखे साडेदहाला हजर. नव्या वर्षाला पैसे आहेत की नाहीत हा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारला नाही. अर्थसंकल्प पुरा मंजूर व्हायला वेळ असेल तर लेखानुदान होतं, कारभार पुढे चालतो. आणि सभागृहानं खर्चाच्या मागण्याच फेटाळल्या तर जायचं असतं ते सरकारनं, मंत्रिमंडळानं. कारकुनानं नव्हे. अमेरिकेच्या घटनेत मात्र पैसे अडले म्हणून कोणालाच जावं लागत नाही. अध्यक्ष चार वर्षं आहेत, सिनेटर सहा, प्रतिनिधी दोन. सगळे आपापल्या मुदतीवर पक्के. मग अडलेल्या पैशाचं ओझं उतरत उतरत खाली येतं आणि पहाटे साडेतीनला उठणाऱ्याच्या घरी थांबतं.

बाबांना पगार मिळाला नाही असेही दिवस मी पाहिलेत. डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला तो ५४ दिवस चालला. मी लहान होते, पण वाण्याची लाल कापडी वही आठवते. आई मला पाठवायची आणि तो माणूस एक शब्द न बोलता साखर, तूरडाळ, चहाची पुडी बांधून द्यायचा आणि वहीत ओढायचा. घरात तेल जपून वापरलं जाई. संक्रांतीला तिळगूळ झाला, नवे कपडे नाही झाले. पण बाबा त्या दिवसांत जितके ताठ चालत तितके मी त्यांना पुढे निवृत्तीपर्यंत पाहिले नाहीत. सकाळी दाढी करून, स्वच्छ पांढरा शर्ट घालून मोर्चाला जायचे. उधारी होती, पण तिच्यामागे त्यांचा स्वतःचा निर्णय होता. बरोबर की चूक, यावर पुढे घरात वाद झाले. गावातली कामं अडली होती, लोकांनी बोल लावले होते, आणि आजी तर शेवटपर्यंत म्हणायची की सरकारशी असं भांडू नये. तरीही तो निर्णय त्यांचा होता.

अमेरिकेत केंद्राच्या नोकराला हा मार्ग नाही. संप करणं कायद्यानं बंद आहे. १९८१च्या ऑगस्टमध्ये विमानवाहतूक नियंत्रकांनी तो केला तेव्हा रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि मग ११,००० हून अधिक जणांना एका फटक्यात काढून टाकलं. म्हणजे पगारासाठी काम थांबवायची मुभा कर्मचाऱ्याला नाही, आणि पगार थांबवून काम घ्यायची मुभा सरकारला आहे. हे वाक्य मी आमच्याकडे आलेल्या एका अमेरिकन मैत्रिणीला बोलून दाखवलं. ती सरकारी नोकराचीच मुलगी. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, लहानपणापासून हे दोन्ही मला माहीत आहे, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

शेजारी शेजारी ठेवून न पाहणं ही इथली मोठी सोय आहे असं मला वाटायला लागलंय. २०१३चा बंद आठवा. १ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाला कठडे लावले गेले. ते स्मारक उघड्यावर आहे. त्याला ना दार, ना छप्पर. एरवी मध्यरात्रीही तिथे जाता येतं. पैसे नाहीत म्हणून ते ‘बंद’ करायला कठडे आणावे लागले, आणि कठड्यांपाशी माणसं उभी करावी लागली. त्याच दिवशी मिसिसिपीहून नव्वदीच्या घरातले माजी सैनिक चाकांच्या खुर्च्यांवर तिथे पोचले आणि कठडे बाजूला सारून आत गेले. दुसऱ्या दिवशी टेक्ससचे एक प्रतिनिधी, रँडी न्यूगेबावर, कॅमेऱ्यांसमोर स्मारक सांभाळणाऱ्या पार्क रेंजर बाईंना म्हणाले की पार्क सर्व्हिसला लाज वाटली पाहिजे. निधीचं मत सभागृहात यांच्या हातात होतं. बाईंच्या हातात होता तो कठडा, आणि तोही वरून आलेल्या हुकमानं. लाज वाटत नाही, असं त्या बाईंनी शांतपणे सांगितलं. ती चित्रफीत मी तेव्हाही पाहिली आणि परवा पुन्हा शोधून पाहिली. टोपीखालचा त्यांचा चेहरा मला अजून नीट वाचता येत नाही. त्या बंदमध्ये घरी बसवलेल्यांना नंतर पूर्ण पगार मिळाला. सरकारच्याच हिशेबानं ६६ लाख कामाचे दिवस वाया गेले, आणि न झालेल्या कामाचे दोन अब्ज डॉलर पगारापोटी दिले गेले. पैसे वाचवण्याच्या नावाखाली झालेल्या भांडणात.

२०१८-१९चा बंद ३५ दिवसांचा. सीमेवरच्या भिंतीसाठी अध्यक्षांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते, प्रतिनिधिगृह द्यायला तयार नव्हतं. महिन्याभराच्या भाषणांनी, बैठकांनी, रागारागानं उठून जाण्यानं जे झालं नाही ते २५ जानेवारीच्या एका सकाळी झालं. व्हर्जिनिया आणि फ्लोरिडातल्या केंद्रांवर मिळून दहाएक नियंत्रक आजारपणाची रजा टाकून आले नाहीत. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाकडे येणारी विमानं रोखून धरावी लागली आणि त्याच दिवशी तडजोड होऊन सरकार उघडलं. भिंतीचे पैसे त्या तडजोडीत नव्हतेच. ते नियंत्रक कोण होते, खरोखर आजारी होते की थकले होते, हे मला जाणून घ्यायचंही नाही. आठ लाख कुटुंबांचे दोन पगार चुकले तेव्हा दुखलं नाही आणि विमानांच्या वेळा चुकल्या तेव्हा दुखलं, एवढं कळलं ते पुरे.

आता मला सगळ्यात अवघड वाटणाऱ्या गोष्टीकडे येते. या बंदच्या दिवसांत मी या देशाचा जेवढा चांगुलपणा पाहिला तेवढा एरवी क्वचित पाहिला. २०१९ मध्ये शेफ होजे आंद्रेस यांनी व्हाइट हाउस आणि कॅपिटॉल हे संसदभवन यांना जोडणाऱ्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरच स्वयंपाकघर थाटलं, आणि सरकारी नोकर थंडीत रांग लावून गरम जेवण घेत होते. क्रेडिट युनियन, म्हणजे इथल्या पतसंस्था, बिनव्याजी कर्ज देतात. घरमालक भाड्याला थांबतात. २०२५ची दिवाळी बंदमध्येच आली. ताईंनी चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती, आणि आमच्यातल्या ज्या बायका जन्मात चकल्या विकत आणत नाहीत त्यांनीही किलो-किलो मागवल्या. मीही. भाजणीचा तो खमंग वास त्यांच्या ओट्यावरून थेट रस्त्यापर्यंत यायचा. हे सगळं सुंदर आहे, आणि त्यातलं काही कमी व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण हाच चांगुलपणा भांडणाला पुरतो. कॅपिटॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की माणसं उपाशी मरणार नाहीत, शेजारी धावतील, अन्नपेढ्या गाड्या भरतील, सोसायट्या कर्ज देतील. १६ जानेवारी २०१९ला झालेल्या कायद्यानं तर मागचा पगार देणं बंधनकारकच केलं. किती योग्य कायदा! आणि त्यानंतर बंद लांबवणं मनाला किती सोपं झालं. २०२५ मध्ये सहा वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याचाही वेगळा अर्थ लावता येईल, घरी बसवलेल्यांना पगार मिळेलच असं नाही, असं वरून सूचित झालं तेव्हा ताईंच्या घरातला आवाज बसला. धमकी द्यायला पगारच शिल्लक होता.

त्या दुकानातल्या गृहस्थांचा अंगठा मला इथे येऊन थोडा समजतो. बाबांनी उधारीवर साखर आणली तेव्हा ते संपकरी होते. हे गृहस्थ कॉफी घेताना कोणीच नव्हते. ना संपकरी, ना सुटीवर, ना बेकार, ना कामावर. चांगल्या मनानं दिलेली कॉफी घ्यायची तर आधी आपण दयेला पात्र आहोत हे कबूल करायचं, आणि ते कशामुळे पात्र झाले? त्यांच्या कामात खोट नव्हती. त्यांचं कोणाशी भांडण नव्हतं.

नोव्हेंबरात गोष्टी आणखी बिघडल्या. जवळपास चार कोटी वीस लाख लोकांना मिळणारी अन्नमदत अडकली, प्रकरण कोर्टात गेलं, आदेशांवर आदेश निघाले. दुकानांत मी कॅल्क्युलेटर घेऊन सामान मांडणाऱ्या आणि परत ठेवणाऱ्या आया पाहिल्या. ७ तारखेपासून ४० विमानतळांवरची उड्डाणं कमी करायचा हुकूम निघाला. संग्रहालयं बंद, प्राणिसंग्रहालय बंद, आणि व्हाइट हाउसची पूर्वेकडची बाजू मात्र नव्या नृत्यदालनासाठी ऑक्टोबरातच यंत्रं लावून पाडली गेली होती, कारण त्याचा पैसा खासगी देणग्यांचा. वादाचा मूळ विषय मात्र खरा होता, हे सांगितलंच पाहिजे. आरोग्यविम्याच्या हप्त्यांना मिळणारी वाढीव सवलत वर्षअखेरीस संपणार होती आणि ती संपली की लाखो घरांचे हप्ते भडकणार होते. त्या प्रश्नावर मी सवलतीच्या बाजूची आहे. म्हणून तर जास्त त्रास होतो. माझ्या बाजूच्यांनीही तेच हत्यार उचललं होतं, आणि धार त्याच माणसांच्या मानेवर होती.

१२ नोव्हेंबरच्या रात्री प्रतिनिधिगृहानं २२२ विरुद्ध २०९ मतांनी विधेयक मंजूर केलं, अध्यक्षांनी सही केली आणि ४३ दिवसांनी, तोवरच्या सर्वांत लांब बंदनंतर, सरकार उघडलं. मी टीव्हीसमोर बसून मतं मोजली जाताना पाहत होते. निवेदकानं सहज सांगितलं की हे गृह याआधी मतदानाला बसलं होतं ते १९ सप्टेंबरला. मी बोटांवर मोजलं. ५४ दिवस. बाबांच्या संपाएवढे. या ५४ दिवसांचा पगार मात्र सगळ्या प्रतिनिधींना नियमित मिळत राहिला, वर्षाचे १,७४,००० डॉलर या हिशेबानं, कारण त्यांच्या पगाराची तरतूद कायमची आहे, तिला दरवर्षी मंजुरी लागत नाही. काहींनी तो नाकारला किंवा दान केला, त्यांचा मी आदर करते. पण ज्यांच्यापुढे निवड होती त्यांचं ते औदार्य. ताईंपुढे निवड नव्हती.

मंजूर झालेल्या त्या कायद्यानं बहुतेक खात्यांना पैसे दिले ते ३० जानेवारीपर्यंतचे.

ताईंना मागचा पगार मिळाला. त्यांच्या ऑफिसच्या तळमजल्यावर कॅफेटेरिया आहे, तिथे सूप वाढणाऱ्या एक बाई आहेत. गेली अनेक वर्षं ताईंना स्वतःची आवड माहीत नसेल एवढी त्या बाईंना माहीत आहे. त्या कंत्राटदाराच्या नोकर. कार्यालय बंद तर कॅफेटेरिया बंद, कॅफेटेरिया बंद तर तास नाहीत, तास नाहीत तर पैसे नाहीत, आणि २०१९चा तो कायदा कंत्राटावरच्या माणसांना लागू नाही. फरशी पुसणाऱ्यांना नाही, रात्री दारावर बसणाऱ्यांना नाही. आपल्याकडे अंगणवाडीच्या आणि आशा सेविकांचं मानधन महिनोन् महिने रखडतं, त्यामुळे शेवटच्या पायरीवरच्या बाईचं काय होतं हे मला परकं नाही, आणि इकडच्या श्रीमंतीनं ते बदललेलं नाही. ऑफिसातल्या लोकांनी त्या बाईंसाठी वर्गणी काढली. त्यांनी घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यात घरून मक्याच्या पिठाचे तमाले करून आणून सगळ्यांना वाढले.

कंत्राटी कामगारांना भरपाई देण्याची विधेयकं काँग्रेसमध्ये आलेली आहेत. मंजुरीला उशीर झाला तर मागच्याच पातळीवर खर्च आपोआप चालू राहावा, म्हणजे बंदच होऊ नये, अशीही विधेयकं दोन्ही पक्षांच्या लोकांनी मांडलेली आहेत. वर्षाची खर्चविधेयकं सगळीच्या सगळी वेळेत होण्याचा प्रसंग शेवटचा आला तो १९९६ मध्ये, तेव्हा अशा सोयीची गरज उघड आहे. ती होत नाही, कारण पुढच्या वेळी हा दबाव आपल्या उपयोगी पडेल अशी आशा दोन्हीकडे जिवंत असते. मी आमच्या प्रतिनिधींना या दोन्ही विधेयकांबद्दल पत्र लिहिलं. आभाराचं छापील उत्तर आलं. ताईंकडून त्या बाईंचे बुडालेले तास विचारून घेतलेत, बाईंची परवानगी घेतलीय, आणि नाव न घालता तो हिशेब लिहून दुसरं पत्र आजच पोस्टात टाकलंय.